‘जातो’ म्हणणारं घर

“आवाज आला की बोट वर करायचं, आजोबा. अगदी बारीक आला तरी करायचं. कळलं?”

काचेपलीकडच्या म्हाताऱ्यानं जोरजोरात मान हलवली. ज्या अर्थी मान एवढी जोरात हलली, त्या अर्थी त्याला काही कळलेलं नव्हतं. पण बाहेर बाकावर रांग लागली होती, आणि प्रत्येकाला नीट समजावत बसलं असतं तर दुपारचा डबा संध्याकाळी उघडावा लागला असता. तिनं त्या कपाटाएवढ्या खोलीचं जाड दार लावून घेतलं, आपल्या खुर्चीत येऊन बसली आणि बटण फिरवलं.

इस्पितळात तिला तोंडावर सगळे कानवाल्या बाई म्हणत आणि पाठीमागे नुसतं कानवाली. अर्धं आयुष्य तिनं या काचेसमोर काढलं होतं. आवाज सोडायचा, बोट वर होतं का बघायचं, तक्त्यावर खूण करायची. कधी कधी तिनं आवाज सोडलेलाच नसताना समोरच्याचं बोट वर व्हायचं. नवीन होती तेव्हा ती दचकायची. पुढे तिनं त्याला ‘मनचे आवाज’ असं नाव दिलं आणि विषय संपवला. माणूस फार वेळ शांततेत बसला की त्याला काहीतरी ऐकू येणारच, असं ती म्हणायची.

म्हाताऱ्याचं बोट वर झालं नाही. त्यानं हात मागे नेला आणि पेरानं खोलीच्या लोखंडी चौकटीवर ठोकलं. आधी एक हलका ठोका, मग एक श्वास जाईल एवढी शांतता, मग एक जड ठोका.

तिचा हात बटणावरच राहिला. हे ठोके तिच्या घरचे होते.

तिचे बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर मेकॅनिक होते. कामावरून आले की चपला काढायच्या आधी ते स्वयंपाकघरात जायचे, भिंतीतून खाली जाणाऱ्या पाण्याच्या पाइपवर असेच ठोकायचे, आणि पाइपला कान लावून उभे राहायचे. मग हातपाय धुवायचे. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात. एकदा मैत्रिणीच्या घरी तिनं विचारलं, “तुझे बाबा पाइपला विचारत नाहीत?” तर ती मैत्रीण दोन दिवस तिच्याशेजारी बसली नाही.

आई हसण्यावारी न्यायची. “पंपवाला माणूस पाइप नाही ठोकणार तर काय ठोकणार?”

पण दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. घरातून निघणाऱ्या माणसानं ‘येतो’ म्हणावं, ‘जातो’ कधी म्हणू नये, हे मूल बोलायला लागतं तेव्हापासून त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगतात. त्यांच्या घरात बरोबर उलटं होतं. बाबा निघताना स्वच्छ “जातो” म्हणायचे आणि घरातल्यांनी “जा” म्हणायचं. लग्न होऊन आलेल्या आईनं पहिल्याच आठवड्यात दुकानात निघताना “येते हं” म्हटलं, तर इतका शांत माणूस, पण असा ओरडला की तिच्या हातातली पिशवी गळून पडली. “या घरात तो शब्द नको. जाते म्हण!” शेजारीण म्हणायची, शुभ बोल नाऱ्या, तर हे घर उठल्या बसल्या ‘जातो’ म्हणतं. मुलगी मोठी होता होता दोन भाषा शिकली. घरात ‘जाते’ आणि उंबऱ्याबाहेर ‘येते’.

कारण कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा लढाईत गस्तीच्या लहान बोटींवर होते, एवढं ठाऊक होतं. लढाईत कुठे होतात असं कुणी विचारलं तर ते “पाण्यात” म्हणायचे. त्यापुढे त्यांनी जन्मभर ताकास तूर लागू दिली नाही.

आणि गेल्या वर्षी, एका सकाळी, मुलगी डॉक्टरला आणायला धावली असताना ते गेले. जवळ आई होती. जाताना ते म्हणाले, “येतो.”

तेव्हापासून आईनं दाराला कडी लावू दिली नव्हती.

“ज्या माणसानं आयुष्यात तो शब्द तोंडातून काढला नाही, तो मरताना उगाच कशाला काढेल?” आई म्हणायची. “येतो म्हणालेत. कडी लावून त्यांना दाराबाहेर उभं करू का?”

दार दिवसरात्र नुसतं लोटलेलं असायचं. वाऱ्यानं उघडायचं. आई शाल गुंडाळून समोरच्या खुर्चीत बसलेली, आणि दारापाशी बाबांच्या चपला, टोकं घराकडे केलेल्या. एकदा कोणी दारुडा सरळ आत येऊन झोपला. आईनं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि सकाळी चहा देऊन वाटेला लावलं. त्याचं हसू झालं. पण थंडीत वारं छातीत गेलं आणि आई इस्पितळात पडली, तेव्हा कुणाला हसू आलं नाही. डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, “या वेळी निभावलं. पुढच्या थंडीत असंच झालं तर मी काही करू शकणार नाही.” थंडी आता पुन्हा तोंडावर आली होती.

मुलीनं आपल्या परीनं विचार केला होता. आईचे कान तिनंच तपासले होते. बारीक आवाज गेलेले, नुसते जाड राहिलेले. ‘जातो’चं ‘येतो’ ऐकू येणं अगदी शक्य होतं. तिनं तसं हळूच सुचवून पाहिलं.

“कान माझे गेले असतील,” आई म्हणाली. “नवऱ्याचं बोलणं मी कानांनी ऐकत नव्हते.”

कानवालीनं हात टेकले. आणि तिलाही आतून हे ठाऊक होतं की, घरात आणखी काहीतरी होतं. बाबा गेल्यापासून रोज दिवस मावळताना स्वयंपाकघरातला तो पाइप आपण होऊन ठोकायचा. हलका, श्वास, जड. नळवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, हवा अडकते. हवेला मध्ये श्वास घ्यायची अक्कल कुठून आली, ते काही त्यानं सांगितलं नाही.

म्हणून ती बाबांचा माग काढत होती. तो शब्द त्या घरात का बंद होता ते कळलं, तर मरताना तो का उघडला ते कळेल, आणि आईला कडी लावायला सांगता येईल. सरकारी कचेरीनं कानांवर हात ठेवले. “मोठ्या जहाजांचं सगळं मिळेल, बाई,” तिथला कारकून म्हणाला होता. “लहान बोटींना नावंसुद्धा नव्हती. बुडाल्या तर कळायचं की होत्या.” मग तिनं आपला रस्ता काढला. त्या बोटींच्या इंजिनांनी माणसांचे कान खाल्ले होते, बाबांचे तर पार. म्हणजे गावात त्यातले जे कोणी उरले असतील ते आज ना उद्या आपल्याच खुर्चीत येणार. म्हातारा दिसला की ती विचारायची, कोणता कान जास्त गेलाय, आणि लढाईत बोटीवर होतात का? पहिल्या प्रश्नाला सगळे उत्तर द्यायचे.

आज तिनं विचारायच्या आधीच उत्तर आलं होतं.

ती उठली, दार उघडलं, म्हाताऱ्याच्या कानांवरचं यंत्र काढलं आणि त्याच्या बऱ्या कानाशी वाकून ओरडली, “ते ठोकणं कुठे शिकलात?”

“काय?”

“ठोकणं! ठक ठक!”

“अगं, सवय गं ती.” म्हातारा ओशाळला. “वरून ठोकलं की खालून ठोकायचं. नाही ठोकलं की समजायचं, काही खरं नाही. आमच्या गस्तीच्या बोटींवर…”

“माझे बाबा होते त्या बोटींवर.”

“कोणत्या?”

तेच तर तिला ठाऊक नव्हतं. तिनं नाव सांगितलं, म्हाताऱ्याला ते नीट ऐकू गेलं नाही. शेवटी तिनं आपला उजवा हात पुढे केला आणि चारही बोटं मधल्या पेरातून वाकवून धरली. बाबांची बोटं तशी होती. पाना धरायला त्यांना डावा हात वापरावा लागायचा.

म्हातारा त्या हाताकडे पाहत राहिला. मग त्यानं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट हळूहळू सरळ केलं.

“झाकणाखाली सापडली होती,” तो म्हणाला. “मीच सोडवली.”

बाहेरून सून डोकावली. “झालं का? येतंय का काही ऐकू?”

“येतंय, येतंय,” म्हातारा म्हणाला. मग कानवालीकडे वळून हलक्या आवाजात, “इथे नको विचारूस. ही खोली फार शांत आहे. रविवारी दुपारी खाडीवर ये. माझी बोट अजून आहे तिथे.”

रविवारी सकाळपासूनच धुकं होतं आणि दुपार झाली तरी ते हललं नव्हतं. खाडीच्या काठानं जुन्या बोटी मोडायचं आवार होतं. सुट्टीमुळे तिथे चिटपाखरू नव्हतं. म्हातारा फाटकापाशी उभा होता, डोक्यावर लोकरीची टोपी. त्याला बोटींवर सगळे दोरवाला म्हणायचे, हे त्यानं चालता चालता सांगितलं. दोर टाकणं आणि दोर ओढणं हे त्याचं काम. “नाव कुणाला ठाऊक होतं? जागा ठाऊक असायची.”

चिखलात एका अंगावर कलून ती बोट पडली होती.

“एवढीशी?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“मग काय समजलीस? मासेमारीची बोट आणि तिला बांधलेली तोफ. तोफ उडाली की गोळा पुढे जायचा आणि आम्ही मागे.” म्हातारा खुदखुदला. फळीवरून चढताना त्यानं तिचा आधार घेतला, पण वर पोचल्यावर पाय ठेवायची प्रत्येक जागा त्याला न बघता ठाऊक होती. “तुझ्या बापाची बोट अशीच. जुळी बहीण. या फळीवर तुझा बाप उभा आहे असं समज आणि ऐक.”

त्यानं डेकवरचं एक चौकोनी झाकण दाखवलं. खाली इंजिन आणि पाणी उपसायचा पंप. इंजिनावर दोघांची नेमणूक, एक खाली आणि एक वर झाकणापाशी. जो वर असेल तो वरचा, जो खाली असेल तो खालचा. पाळी बदलली की नावं बदलायची. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून वरून खाली एक लोखंडी नळी. आधी नळीवर ठोकायचं, खालून ठोका आला की तोंड लावून बोलायचं.

“आणि एक नियम,” म्हातारा म्हणाला. “खालची जागा रिकामी ठेवायची नाही. पाळी बदलायची झाली की वरचा नळीत म्हणायचा, ‘येतो’. तो शब्द ऐकल्याशिवाय खालच्यानं जागा सोडायची नाही. आग लागो, काही होवो.”

“येतो?”

“येतो. तेवढंच. जास्त बोलायला दम कुणाकडे होता?”

तिला खाली उतरून बघायचं होतं. म्हातारा म्हणाला, तू जा, माझे गुडघे चालत नाहीत. तिनं झाकण उचललं आणि शिडीवर पाय ठेवला.

आत गंजाचा आणि जुन्या तेलाचा वास होता. इंजिन कधीच काढून नेलं होतं, त्याची जागा तेवढी होती, आणि तळाशी घोट्याएवढं काळं पाणी. वरच्या चौकोनातून धुक्याचा पांढरा उजेड येत होता, तो शिडीच्या अर्ध्यावरच संपत होता. माणसाला नीट उभं राहता येऊ नये एवढी उंची. बाबा इथे तासन् तास उभे असतील, हे तिला डोळ्यांसमोर आणता येईना. घरात ते कधी पंख्याखालीसुद्धा वाकून जात नसत.

कानाच्या उंचीवर नळीचं तोंड होतं. तिनं सहज कान लावला.

आधी शंखातून येतो तसा घोंगावणारा आवाज. मग ठोका. हलका. एक श्वास. मग जड.

दोरवाला आजोबा गंमत करतायत, असं वाटून तिला जरा बरंच वाटलं. तिनंही बोटाच्या पेरानं ठोकलं. तसंच, आधी हलका, मग जड. आणि पुन्हा कान लावला.

नळीत कोणीतरी श्वास घेतला. म्हाताऱ्याचा घरघरणारा श्वास नव्हता तो. तरण्या माणसाचा होता, धावून आल्यासारखा, आणि तो वरून येत नव्हता. मग अगदी कानाच्या पाळीशी, विझत आलेल्या आवाजात, एक शब्द आला.

तिला तो ऐकू आला की नाही, हे पुढे कुणी विचारलं असतं तर तिला शपथेवर सांगता आलं नसतं. एवढंच तिला दिसलं की आपला उजवा हात वर झाला आहे आणि त्याचं एक बोट त्या अंधारात ताठ उभं आहे. ते तिनं उचललं नव्हतं.

शिडी ती कशी चढली हे तिलाच कळलं नाही. वर आली तेव्हा म्हातारा पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून, पाण्याकडे बघत बसला होता.

“आजोबा! तुम्ही नळीत बोललात?”

“मी?” त्यानं वळून तिच्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. “वरचं तोंड बघ नळीचं.”

तिनं पाहिलं. नळी डेकपाशीच कापलेली होती आणि तोंडावर लोखंडाची चकती वेल्डिंग करून बसवलेली होती. चकतीवर वर्षानुवर्षांचा गंज होता.

“ऐकलंस ना?” म्हातारा शांतपणे म्हणाला. “म्हणून मी खाली जात नाही. गुडघ्यांचं आपलं निमित्त.”

ती त्याच्याजवळ बसली. आणि मग त्यानं सांगितलं.

असंच धुकं होतं. तिच्या बाबांची बोट पुढे, दोरवाल्याची मागे. धुक्यात काहीतरी आदळलं. सुरुंग होता की खडक, ते कधी कळलं नाही. पाणी आत शिरलं. खालच्यानं पंप चालू ठेवला होता म्हणून बोट तग धरून होती, तेवढ्यात दोरवाल्याची बोट शेजारी आली आणि माणसं एकेक करून इकडे यायला लागली. त्या पाळीला तिचे बाबा वरचे होते.

“तुझ्या बापानं नळीत ओरडून सांगितलं, सोड सगळं, वर ये! खालून आलं, ‘येतो’. तुझा बाप म्हणाला, ‘ये!’ आणि झाकण उचलून धरून उभा राहिला. पंप चालूच. सगळी माणसं आली. पंप चालूच. मी ओरडतोय, चल, चल म्हणून. तो म्हणतोय, थांब, तो येतोय, येतो म्हणालाय. मग बोट कलंडली आणि झाकण याच्या बोटांवर पडलं. मी उडी मारून बोटं सोडवली आणि याला ओढत आणला. लाथा मारत होता मला.”

पाणी वाढायला लागलं होतं, चिखलात कुठेतरी बुडबुडे फुटत होते.

“बोट खाली गेली. त्यानंतरसुद्धा आम्हाला ठोके ऐकू येत होते. पाण्यातून, आमच्या बोटीच्या तळाला लागून. सगळ्यांनी ऐकले. कुणी कुणाकडे बघितलं नाही.”

“आणि बाबा?”

“तो नंतर एकदाच बोलला. म्हणाला, ‘तो येतो म्हणाला तो निरोप होता. पंप सोडायचा नाही हे त्यानं ठरवलंच होतं. आणि मी येडा, ये म्हणून मोकळा झालो. मला कळलंच नाही की मी त्याला निरोप दिला.’”

तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. इतकी वर्षं घरात तो शब्द का बंद होता, शेजारणीची बोलणी, आईच्या हातून पडलेली पिशवी, सगळं तिच्यासमोर आलं. ज्याला उत्तर म्हणून ‘ये’ म्हणावं लागतं तो शब्द त्या माणसाला पुन्हा ऐकायचाच नव्हता.

“आजोबा,” ती म्हणाली, “जाताना बाबा ‘येतो’ म्हणाले. आई जवळ होती. तिला वाटतं तिला म्हणाले.”

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“म्हणजे पाळी बदलली म्हणायची,” तो म्हणाला. “खालचा बिचारा फार दिवस थांबला होता.”

फाटकापाशी सवयीनं तिच्या तोंडून गेलं, “येते, आजोबा.” म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिनं जीभ चावली. “जाते.”

“हां,” म्हातारा म्हणाला. “जा.”

घरी येईपर्यंत दिवस मावळायला आला होता. दार नेहमीसारखं उघडं, आत धुकं शिरलेलं, आणि समोर शालीत आई. तिचे ओठ थंडीनं काळसर पडले होते. मुलीनं दार लोटलं, स्टूल ओढून आईच्या पायांशी बसली आणि तिचे पाय हातांत घेऊन चोळू लागली. रस्ताभर तिला एकच भीती वाटत होती. या बाईनं वर्षभर एका शब्दावर जीव तगवून धरलाय. तो शब्द तुझा नव्हता, असं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण नाही सांगितलं तर थंडी तिला घेऊन जाणार. मुलीनं आईच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. झाकण, नळी, खालचा, पंप. काही गाळलं नाही. फक्त स्वतःच्या बोटाचं सांगितलं नाही.

आईनं मध्ये एकदाही “काय?” म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं बाबांच्या चपलांकडे पाहिलं.

“म्हणजे ते त्याला म्हणाले,” ती म्हणाली.

“हो, आई.”

“तरीच भिंतीकडे तोंड केलं होतं.”

“कुणी?”

“यांनी. आधी माझ्याकडे बघत होते. हात माझ्या हातात होता, वाकड्या बोटांचा. म्हणाले, ‘जातो गं.’ मी म्हटलं, ‘जा.’ मग तोंड स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळवलं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘येतो.’ मी दचकले. कुठे, म्हणून विचारलंसुद्धा. पण झालं होतं सगळं.”

मुलगी चोळायची थांबली. “जातो म्हणाले होते? आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!”

“त्यात काय सांगायचं? ते तर रोज म्हणायचे.” आणि हे बोलता बोलताच आईचा चेहरा हळूहळू बदलला. “रोज म्हणायचे गं. म्हणून माझं लक्षच गेलं नाही. मला माझा निरोप दिला होता त्यांनी. नीट, माझ्याकडे बघून दिला होता. आणि मी मेली दुसऱ्याचा शब्द उराशी धरून दार उघडं टाकून बसले.”

बाबा गेल्यापासून आई रडली नव्हती. येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं? आता ती शालीत तोंड घालून लहान मुलीसारखी रडली, आणि मुलगी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तिच्याबरोबर रडली.

स्वयंपाकघरात पाइप वाजला. हलका, श्वास, जड.

आईनं डोळे पुसले आणि भिंतीचा आधार घेत उठली. मुलगी मागोमाग गेली. पाइपवर जिथे बाबांचं पेर पडायचं तिथला रंग उडालेला होता. आईनं बरोबर त्याच जागी ठोकलं, आणि वाकून, मोरीकडे तोंड करून, बाहेरगावी गेलेल्या माणसाची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, “पोचले का हो हे?”

काही वेळ नुसतं पाणी ठिबकत होतं. मग खालून, खूप खालून, उत्तर आलं. हलका ठोका. जड ठोका. या वेळी मध्ये श्वास नव्हता. ज्याला घाई नाही असा माणूस काम करता करता ठोकेल, तसे आले.

“पोचले,” आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली. मुलीनं आपले दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.

सकाळी धुकं निवळलं होतं. मुलगी इस्पितळात निघाली तेव्हा दारापाशी बाबांच्या चपला बाहेरच्या बाजूला टोकं करून ठेवलेल्या होत्या. तिनं त्यांच्या शेजारच्या आपल्या चपला पायांत सरकवल्या आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

“जाते गं, आई.”

“जा,” आई म्हणाली, आणि तिच्यामागे दार लावून तिनं आतून कडी घातली.